स्वस्त कोरियन मोटारी आणि आमच्या दुकानाचा हिशोब

नांदेडचा इतवारा, वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, दुकानदार मंडळी चहाला बसली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. छोटी मोटार घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणती? २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वी पेट्रोलच्या छोट्या मोटारीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. म्हणजे कर सोडून ५ लाखांची जी गाडी, तिच्यावर ५५ हजार रुपयांची बचत झाली. रक्कम लहान नाही. त्यामुळे जे व्यापारी बंधू वर्षानुवर्षे एसटी आणि मोटारसायकलवर धंदा करीत आले, तेही शोरूमच्या पायऱ्या चढू लागले आहेत. घरातील तरुण मुलांचा ओढा बहुधा कोरियन गाडीकडे असतो.

ओढा असायला हरकत नाही. परंतु आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे ताग्याच्या वरच्या घडीवर सौदा करीत नाही. आत हात घालतो, पन्हा मोजतो, रंग पक्का आहे की नाही ते पाहतो आणि माल देणाऱ्या पार्टीची बाजारातली पत विचारतो. मोटार घेताना मात्र आमच्यातले पुष्कळ जण फक्त किंमत आणि मायलेज विचारून मोकळे होतात. कोरियन मोटारींचा गेल्या पंचवीस-सत्तावीस वर्षांचा तजुर्बा समोर असताना एवढ्यावर भागवणे बरे नाही.

एकाच सालच्या दोन गाड्या

१९९८ साल या बाबतीत मोठे शिकवणारे आहे. त्या वर्षापर्यंत छोटी मोटार म्हणजे मारुती ८०० किंवा झेन. सप्टेंबर १९९८ मध्ये ह्युंदाई कंपनीने सँट्रो आणली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात तिचा कारखाना. वर्षअखेरीस देवू या दुसऱ्या कोरियन कंपनीने मॅटिझ आणली. तिचा कारखाना दिल्लीजवळ सूरजपूरला. पाठोपाठ टाटांची इंडिका आली. सँट्रोचे इंजिन ९९९ सीसीचे, चार सिलिंडरचे. मॅटिझचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. दोन्हींत कार्ब्युरेटर नव्हता, एमपीएफआय होते. दिसायला मॅटिझ देखणी. सँट्रोच्या उंच टपाला लोक हसले, पण शाहरुख खानच्या जाहिरातीने तिचे नाव गावोगाव पोहोचले.

त्या दिवसांत गिऱ्हाइकाने दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून पाहिल्या असत्या, तर मॅटिझ पसंत करणाऱ्याला कोणी चुकीचे म्हटले नसते. पण पुढे काय झाले? २००० साली कोरियात देवू मोटारचे दिवाळे निघाले. जनरल मोटर्सने तिचा बराचसा कारभार २००२ मध्ये घेतला, पण भारतातला सूरजपूरचा कारखाना घेतला नाही. तो बंद पडला. ज्यांनी घामाचे पैसे घालून मॅटिझ घेतली, त्यांच्या दारात गाडी उभी, पण मागे कंपनी नाही. काचेपासून सेन्सरपर्यंत एकेका सुट्या भागासाठी भंगार बाजार पालथे घालण्याची वेळ आली आणि विकायला काढली तर भाव नाही.

गंमत अशी की हीच मॅटिझ थोडी रूप बदलून २००७ मध्ये शेवरोले स्पार्क या नावाने भारतात पुन्हा आली. पुष्कळांनी ती घेतली. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील विक्रीच थांबवली. गाडीत खोट नव्हती, तरी तिचे मालक दोनदा उघड्यावर पडले.

सँट्रोचे मात्र उलट झाले. २००३ मध्ये ती झिंग या नावाने नव्या रूपात आली आणि २०१४ च्या अखेरपर्यंत कारखान्यातून निघत राहिली. २०१८ मध्ये याच नावाची नवी गाडी आली, ती २०२२ मध्ये बंद झाली. मध्यंतरी २००७ मध्ये आय-टेन, २०११ मध्ये ८१४ सीसीची इऑन, २०१३ मध्ये ग्रँड आय-टेन आणि २०२३ मध्ये एक्स्टर आली. जनरल मोटर्सचा आपल्या पुणे जिल्ह्यातील तळेगावचा जो कारखाना ओस पडला होता, तोही ह्युंदाईने घेतला आणि २०२५ पासून तेथून तिच्या गाड्या निघू लागल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये या कंपनीचे २७,८७० कोटी रुपयांचे भाग बाजारात विकले गेले. एवढा पसारा मांडलेली कंपनी रातोरात गाशा गुंडाळील असे वाटत नाही. मात्र कंपनी टिकली म्हणून तिचे प्रत्येक मॉडेल टिकत नाही, हे सँट्रो आणि इऑनच्या बंद होण्यावरून ध्यानात घ्यावे. जे मॉडेल रस्त्यावर भरपूर दिसते, त्याचा सुटा भाग वर्षानुवर्षे मिळतो. जे क्वचित दिसते, ते कितीही स्वस्त मिळाले तरी दोनदा विचार करावा.

मालक काय सांगतात

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत या गाड्या वापरणाऱ्यांचे बोलणे एकत्र केले तर चार गोष्टी पुनःपुन्हा ऐकू येतात. पहिली, उंच बैठक. बुरखा किंवा साडी सावरीत बसणाऱ्या आयाबहिणी आणि गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी यांना वाकून आत शिरावे लागत नाही. दुसरी, आमच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला असता एसी चांगले काम देतो. तिसरी, पेट्रोल मारुतीपेक्षा थोडे जास्त लागते आणि काही सुटे भाग महाग पडतात. चौथी, छोट्या इंजिनाची गाडी पाच माणसे आणि सामान घेऊन चढावर दम टाकते. सीएनजी घेणाऱ्याने आणखी एक पाहावे. टाकीने डिकी भरून गेली तर नमुन्यांच्या थैल्या ठेवायच्या कोठे? २०२४ पासून एक्स्टरमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवण्याची सोय आली आहे. आम्हा कापडवाल्यांना तिचा उपयोग अधिक.

जुनी सँट्रो घेणाऱ्याने टायमिंग बेल्ट कधी बदलला हे आधी विचारावे. तो तुटला की इंजिन उघडण्याची पाळी येते. पुढच्या १.२ लिटरच्या कप्पा इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे.

किलोमीटरचा खरा भाव

आता हिशोबाकडे वळू. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर सुमारे १४० किलोमीटर. जाऊन येऊन २८० झाले. गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे धरले, तर १,८०० रुपयांच्या थोडे वर जातात. आमचे बंधू येथेच हिशोब बंद करतात. पण धरून चला की ७ लाखांची गाडी १० वर्षे वापरून २ लाखांना विकली. वर्षाची घट ५० हजार. विमा १५ हजार. सर्व्हिस, टायर, बॅटरी मिळून २० हजार. वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरली तर पेट्रोल ७८,७५०. एकूण १,६३,७५०. म्हणजे किलोमीटरला साडेतेरा रुपयांच्या वर. लातूरची एक फेरी १,८०० ची नव्हे, ३,८०० ची पडली. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर जरूर करावा. त्या फेरीतून तेवढा नफा सुटतो काय, हे मग आपोआप कळते.

दुसरे, गाडी दुकानाच्या नावावर घेतली की कर वाचतो, अशी समजूत आहे. ती पूर्ण खरी नाही. कापडाच्या व्यापाऱ्याला स्वतःच्या वापराच्या मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, पण गाडी त्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापरली तर निम्माच, आणि घरगुती वापराचा भाग वगळून. ठोक अंदाजाने नफा दाखवून आयकर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला घसारा वेगळा मागता येत नाही.

सर्वांत मोठी जोखीम भांडवलाची आहे. ईद, दिवाळी आणि लग्नसराई हे आमचे तीन सीझन. सुरत, भिवंडी, हैदराबादच्या पार्टीला वेळेवर पैसा दिला तरच माल भावात मिळतो. सीझनच्या तोंडावर दोन-तीन लाख मोटारीत अडकले की माल उधारीने, चढ्या भावाने घ्यावा लागतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. यास्तव मोटार ही नफ्यातून घ्यावी, भांडवलातून नव्हे.

व्याज नको म्हणून

आमच्यातील पुष्कळ बंधू व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि रोखीने जुनी गाडी घेतात. त्यांनी काही गोष्टींची काळजी घ्यावी. हैदराबादेहून स्वस्तात गाडी आणण्याची आमच्याकडे जुनी वहिवाट आहे. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक येथे ठेवायची तर तिकडची एनओसी आणून येथे नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो धरल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी पाहावे. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत महापूर आला होता. पुरात भिजलेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटखालचा गालिचा उचलून गंज आणि गाळ पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले आहे आणि वीस वर्षांवरील मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १० हजार. पर्यावरण कर निराळा. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

आणि एक गोष्ट पैशाहून मोठी आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील छोट्या मोटारी आदळून पाहिल्या, तेव्हा आय-टेनसह पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत एअरबॅग नव्हत्या. २०१६ मध्ये इऑनचाही निकाल तोच लागला. २०२२ पासून पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्युंदाईने सर्व गाड्यांत सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले. जुनी गाडी घेताना दहा-वीस हजार जास्त गेले तरी एअरबॅगवालीच घ्यावी. बायकामुलांना घेऊन रात्री ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना तो खर्च कोणाला जड वाटणार नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. हे आमच्याकडे अजून कोणी मनावर घेत नाही.

कारागीर बंधूंसाठी

शेवटी आमच्या मिस्त्री मंडळींशी दोन शब्द. नांदेड-लातूरच्या गॅरेजांत इंजिन, डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग ही कामे करणाऱ्यांत आपले कारागीर मोठ्या संख्येने आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात उस्ताद कानाने इंजिनाचा दोष ओळखीत. सँट्रो-मॅटिझपासून तो जमाना सरला आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर स्कॅनर लावल्यावाचून पुष्कळ दोष समजतही नाहीत. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर आहे, तिथे गिऱ्हाईक वॉरंटी संपताच येते. ज्यात नाही, तिथे पंक्चर आणि ऑइल बदलणे एवढेच उरते. दहावी झालेल्या मुलाला गॅरेजमध्ये नुसते पाने उचलायला ठेवण्यापेक्षा आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स करू द्यावा आणि संध्याकाळी उस्तादाच्या हाताखाली बसवावे. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक चांगला स्कॅनर घेतला तरी चालते.

व्यापाऱ्याने गाडी निवडताना याच मिस्त्रीला आधी विचारावे, शोरूमच्या सेल्समनला नंतर. कोणत्या गाडीचा भाग आपल्या गावात त्याच दिवशी मिळतो आणि कोणत्या गाडीसाठी हैदराबादच्या पार्सलची वाट पाहावी लागते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. सौदा करण्यापूर्वी त्याला सोबत न्यावे आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी.