समीक्षकांचा कौल आणि ‘द डिसायपल’

सप्टेंबर 2020 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला दोन मान मिळाले: सर्वोत्कृष्ट पटकथेचा आणि ‘फिप्रेस्की’चा. मीरा नायर यांच्या ‘मॉन्सून वेडिंग’नंतर (2001) तिथल्या मुख्य स्पर्धेत निवडला गेलेला हा पहिला भारतीय चित्रपट. ‘फिप्रेस्की’ हा समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1930 पासून काम करतो. वेगवेगळ्या देशांतील मोजके समीक्षक महोत्सवात चित्रपट पाहून आपला स्वतंत्र कौल देतात. या पुरस्काराचे खरे मोल प्रसिद्धीत आहे: परीक्षक स्वतःच लिहिणारे असल्याने चित्रपटाचे नाव त्यांच्या देशांतील वाचकांपर्यंत जाते, वितरकांचे लक्ष वेधले जाते.

ख्यालगायकीची साधना करूनही शिखर न गाठणाऱ्या शरद नेरुलकरची ही कथा. ना मोठा नट, ना ठेक्याची गाणी. नायकाच्या भूमिकेत आदित्य मोडक हे प्रत्यक्ष गायक. अशा चित्रपटाला परदेशात जाहिरातीच्या बळावर प्रेक्षक मिळणे कठीणच. तिथे जाणकारांची शिफारस उपयोगी पडते. निर्मितीला मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांचे पाठबळ होते, हेही खरे.

या वाटचालीचा लाभ घरच्या प्रेक्षकालाही झाला पाहिजे. बिदर जिल्ह्यातील मेहकर, भालकीसारख्या मराठी बोलणाऱ्या सीमाभागात असा चित्रपट पडद्यावर लागणे दुर्मीळ. तेथील रसिकाला तो घरबसल्या पाहण्याची सोय झाली 30 एप्रिल 2021 रोजी, नेटफ्लिक्सवर.