जुनी मोटार आणि खोडव्याचा हिशेब



उसाची बिले खात्यावर जमा झाली की हल्ली पारावर एकच विषय निघतो. "तीस लाखांची जर्मन गाडी सहा लाखांत मिळतेय, सोडू नका!" प्रस्तुत लेखकानेही ती सोडली नाही. म्हणूनच हे चार शब्द.

गाडी दणकट आहे, पळते झकास. चूक झाली ती माझ्या हिशेबात. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. सहा लाखांच्या गाडीला पार्ट लागतात ते तीस लाखांच्या गाडीचेच! दुसऱ्याच वर्षी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. बिल सव्वा लाख. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये. म्हणजे तोडणी-वाहतूक न कापताही 35 टन ऊस त्या एका बिलात गेला. ठिबकसाठी ठेवलेले पैसे होते ते. रानात अजून पाटपाणीच चालू आहे.

कोणी म्हणेल, पूर्वीची पद्मिनी तरी कुठे देशी होती? तीही मूळची इटलीची फियाट. खरे आहे. पण ती कुर्ल्याला बनायची, आणि आपला फिटर झाडाखाली तिचे इंजिन उतरवायचा. आजच्या गाडीला आधी कॉम्प्युटर लावावा लागतो, आणि तो शहरात.

दिल्लीकडची गाडी आणखी स्वस्त दिसते. तिकडे 10 वर्षांवरील डिझेल गाड्यांवर 2015 पासून निर्बंध आले, म्हणून त्या इकडे येतात. परंतु नाहरकत दाखला आणून इथला कर भरावा लागतो. 15 वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण आले. विम्यातला नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तो आपल्याला मिळत नाही.

जुनी गाडी म्हणजे खोडवा. लागणीचा खर्च वाचतो, पण खत-पाणी चुकवले की टनेज घटते. इथेही टायमिंग बेल्ट, गिअरचे ऑइल वेळेवर बदललेच पाहिजे. सबब, घ्यायचीच असेल तर सर्व्हिसच्या नोंदी पाहा, आपल्या माहितीच्या मेकॅनिककडून तपासा आणि किमतीचा चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तेवढे उरत नसतील, किंवा सोसायटीचे पीककर्ज थकले असेल, तर साधी, तालुक्यात दुरुस्त होणारी गाडी घ्या. त्यात कमीपणा कसला? दारात उभी राहिलेली बंद गाडी कोणाचीच शान वाढवीत नाही.

— एक ऊस उत्पादक सभासद