चांगल्या वादकाने शिबिराला का जावे?



पुनरुत्थानाचा सण पार पडला की लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि बॅण्डमधील क्लॅरिनेटवाल्याला उसंत उरत नाही. शाळेला सुटी लागलेली, काजूचा हंगाम शेवटाला आलेला, पावसापूर्वीची घरची कामे तोंडावर उभी. अशा गडबडीत कोणी येऊन म्हटले, “तुमच्या मुलाला आठ दिवस शिबिराला पाठवा, तेथे पुढचे क्लॅरिनेट शिकवितात,” तर कोरगावातील बापाने काय उत्तर द्यावे? “अहो, त्याला वाजविता येते की!” हेच उत्तर प्रथम तोंडी येईल. ते अगदीच गैर नाही. आठ दिवस म्हणजे दोनतीन लग्नांची बिदागी, आणि ती ज्या घरात पीठमिठाला लागते त्या घराला उपदेश करणे सोपे नसते.

तरीही मी म्हणेन, पाठवा. शिकाऊ मुलाला मेस्त कान धरून शिकवितो. मुलगा फेस्ताला, लग्नाला वाजवू लागला की त्याचा कान धरणारा कोणी उरत नाही. लोक वाहवा करतात आणि मुलाच्या चुका त्या वाहवेत मुरत जातात. बिघडतो तो बहुधा असा चांगला वादकच, नवशिका नव्हे.

यात वाद्याचाही थोडा दोष आहे. सन १७०० च्या सुमारास न्युरेंबर्ग येथील डेनर नावाच्या कारागिराने शालुमो या जुन्या वाद्यात सुधारणा करून क्लॅरिनेट घडविले असे मानतात. त्याची नळी आतून बहुतांशी सरळ, एकाच रुंदीची असते, आणि तोंडाकडचे टोक बंद असल्याप्रमाणे आतली हवा वागते. त्यामुळे अंगठ्याची मागची कळ दाबली असता सूर बासरीप्रमाणे आठव्या स्वरावर न जाता थेट बाराव्यावर उडी घेतो. म्हणजे खाली ज्या बोटांनी एक स्वर निघतो, त्याच बोटांनी वर दुसऱ्याच नावाचा स्वर निघतो. दोहोंच्या सांध्यावर तर मौजच आहे: ‘सि बेमोल’ला बोटांखालची भोके उघडी, आणि लगेच पुढच्या ‘सि’ला सारी झाकलेली! सांध्याखालचे तीनचार स्वर मुळातच फिकट. मिरवणुकीत ढोलाच्या दणक्याखाली हा सांधा झाकून जातो. शांत खोलीत मात्र तो फाटक्या बाहीसारखा उघडा पडतो.

चांगल्या शिबिरात पहिल्या दिवशी काही मोठे वाजवावयास देत नाहीत. एकच स्वर, एका श्वासात, हळू आवाजापासून मोठ्या आवाजापर्यंत आणि पुन्हा हळूवर. बॅण्डचा हिरो याला कंटाळतो. मग एकेकाला सर्वांपुढे उभे करून वाजवावयास लावतात आणि शिक्षक तेथेच चूक दाखवून ती सुधारून घेतो; ऐकणारेही त्यातून शिकतात. गावात आपल्यासारखा कोणी नाही असे मानणाऱ्या मुलाला येथे त्याच्याच तोडीची सातआठ मुले-मुली भेटतात. पुढे तिघाचौघांना मिळून वाजवावयास सांगतात. त्यात ढोल नाही, कर्णा नाही, दडावयास जागाच नाही. मोझार्टने १७९१ साली, मृत्यूच्या थोडे आधी, आन्तोन श्टाडलर या वादकासाठी क्लॅरिनेटचा कॉन्चेर्तो रचिला. त्याचा मधला संथ भाग कागदावर पाहिला तर कोणालाही सोपा वाटेल. कसोटी तेथेच लागते.

सुटीत अशी शिबिरे भरविण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. मिशिगनमधील इंटरलॉकन येथे जोसेफ मॅडी यांनी १९२८ साली झाडीमध्ये शाळकरी वादकांचे शिबिर उभे केले. ते आजही चालते. आपल्याकडे ते काम पिढ्यान् पिढ्या चर्चच्या शाळेतील मेस्तांनी केले. सोल्फेज आधी, वाद्य मागाहून, हा त्यांचा नियम. माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख असलेल्या वडिलांजवळ शिकले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावाजले. परंतु पेडणे पोर्तुगीज राज्यात आले ते १७८८ साली. बार्देश-साष्टीप्रमाणे या शाळांचे जाळे आपल्या बाजूस विणले गेले नाही. पणजीत आंतोनियो फिगरेदो यांनी १९५२ साली संगीताची अकादमी काढली, आणि आज कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. कोरगावाहून पणजी रोजच्या शिकवणीला लांब पडते. सुटीत आठ दिवस नातलगांकडे राहून शिकणे जमण्याजोगे आहे.

एक गंमत येथेच सांगतो. दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये बॅण्ड वाजविण्यास सक्त मनाई केली होती. बाहेरच्या मिरवणुकीत बिशपांच्या परवानगीने चाले. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने योग्य त्या वाद्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. तेव्हा क्लॅरिनेट आत येऊ शकते. मात्र आत यावयाचे तर मांडवातला आवाज बाहेर ठेवून आले पाहिजे.

आता वाद्याविषयी. ज्या काळ्या लाकडाचे उत्तम क्लॅरिनेट होते ते टांझानिया-मोझांबिककडून येते. ते फार कोरडे पडले किंवा एकदम तापले की तडकते. बॅण्डच्या मुलाला प्लॅस्टिकचे वाद्य पुरे. कर्ज काढून लाकडाचे घेऊ नये. पत्ती मात्र चांगली हवी. ती बोरूसारख्या वेताची असते, दक्षिण फ्रान्समधील वेत त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिचे टोक कागदाइतके पातळ, म्हणून एकच पत्ती रोज झिजवू नये. तीनचार आळीपाळीने वापराव्यात. वाजवून झाल्यावर नळीतून कोरडे फडके ओढल्याविना वाद्य पेटीत ठेवू नये. आपल्या पावसाळ्यात पंधरवड्यात बुरशी धरते.

पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. शिकविणारा स्वतः क्लॅरिनेट वाजवितो काय? एका शिक्षकामागे मुले किती? दहाबारांहून अधिक असतील तर ती शाळा झाली, शिबिर नव्हे. आणि आपल्या मुलाला स्वरलिपी वाचता येते काय? नुसते कानाने वाजविणाऱ्याने आधी सोल्फेज शिकावे आणि पुढच्या वर्षी जावे.

बॅण्डच्या मुख्याला हे उपवासकाळातच कळवावे, लग्ने घेतल्यावर नव्हे. त्याला दुसरा क्लॅरिनेटवाला शोधावा लागतो, आणि मे महिन्यात तो सहजासहजी मिळत नाही.