दवाखान्यातला बाक : बसण्यासाठी की उठण्यासाठी?

हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि एक प्रयोग करून पाहा. हात नसलेल्या खुर्चीवर पाठ टेकवून ताठ बसा. पावले गुडघ्यांच्या बरोबर खाली, जमिनीवर सपाट ठेवा. हातांची घडी छातीवर. आता पावले मागे न सरकवता आणि कमरेतून पुढे न वाकता उठून उभे राहा.

जमत नाही ना? कितीही जोर लावा, जमणार नाही. मग तुम्ही शाळेच्या कबड्डी संघाचे कर्णधार का असेनात. याचे कारण स्नायूंच्या ताकदीत नाही, गुरुत्वमध्यात आहे. उभ्या राहणाऱ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या पावलांच्या वर यावा लागतो. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य असतो पोटाच्या आसपास, म्हणजे खुर्चीच्या बैठकीच्या वर. तो पावलांवर आणायचा तर एक तर पावले मागे घ्यायची, नाही तर धड पुढे झुकवायचे. आपण रोज शंभरदा या दोन्ही गोष्टी एकदम करतो, आणि करतो हे आपल्याला कळतही नाही.

कळत नाही ते आपल्याला. जिचे गुडघे दुखतात त्या आजीला ते चांगलेच कळते. म्हणूनच या लेखात मला एक मत मांडायचे आहे. दवाखान्यातल्या बाकाची किंवा खुर्चीची पारख आपण तिच्यावर बसून करतो. ती करायला हवी तिच्यावरून उठून.

आता असे समजा, की रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तुडील गावची एक आजी तापाने आजारी आहे आणि एस.टी.ने महाडला डॉक्टरकडे आली आहे. केसपेपरसाठी ती बाकावर बसते; नाव पुकारले की उठते. डॉक्टरांच्या दाराशी पुन्हा बसते, पुन्हा उठते. मग रक्त तपासायला, मग अहवालाची वाट पाहायला, मग औषधांच्या खिडकीपाशी. एका सकाळी निदान पाच वेळा तिला बसायचे आणि उठायचे आहे, तेही अंगात ताप असताना आणि पोटात चहाखेरीज काही नसताना. आयुष्यातले चाळीस पावसाळे तिने चिखलात वाकून भाताची लावणी केली आहे. तिच्या गुडघ्यांचा विचार बाक विकत घेणाऱ्याने केला होता का?

थोडे गणित पाहू. दार लोटताना बिजागरीपासून जितक्या दूर हात लावाल तितके दार सहज फिरते. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात, हे तुम्ही शिकला असाल. उठताना गुडघा ही बिजागरी असते. बैठक जितकी ठेंगणी, तितका गुडघा जास्त दुमडलेला, आणि तितका शरीराचा भार वर उचलण्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूला अधिक ओढ द्यावी लागते. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2002 साली या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. बैठक उंच केली की गुडघ्यावरचे परिबल 60 टक्क्यांपर्यंत आणि नितंबाच्या सांध्यावरचे 50 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे त्यात दिसून आले. खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्यास नितंबाच्या सांध्यावरचे परिबल निम्म्यापर्यंत उतरते. म्हणजे उंची आणि हात या दोन साध्या गोष्टी. ना वीज लागते, ना परदेशी यंत्र.

मग सगळे बाक उंच करून टाकावेत का? इथे खरी अडचण येते. गुडघ्यामागच्या खळग्यापासून टाचेपर्यंतची उंची ही माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण पावपट असते. 150 सेंटिमीटर उंचीच्या बाईची ही उंची 37-38 सेंटिमीटर भरेल. चपलेचे एक-दोन सेंटिमीटर धरा, फार तर 40. बाजारातल्या पुष्कळशा खुर्च्यांची बैठक 45 सेंटिमीटरच्या आसपास असते. अशा खुर्चीत तिचे पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, आणि दोन तासांनी पायांना मुंग्या येतात. उठण्याला उंच बाक चांगला, बसून राहण्याला ठेंगणा. एकाच बाकाकडून या दोन्ही गोष्टी पुऱ्या होत नाहीत. एकाच मापाच्या पन्नास खुर्च्या रांगेत मांडल्या, की फोटोत दवाखाना नीटनेटका दिसतो. पण माणसे काही एका साच्यातून काढलेली नसतात. दोन उंचीचे बाक ठेवावेत, एक 40 च्या आसपास आणि एक 47-48 सेंटिमीटरचा, आणि उंच बाकाची पुढची कड गोल घासलेली असावी. आपल्या देशातील माणसांची अशी मापे घेतलेली आहेत, बरे का. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरचे पुस्तक 1997 साली प्रसिद्ध केले. मापे उपलब्ध असताना ती न पाहता खुर्च्या मागवायच्या, हे मला पटत नाही.

कोकणात आणखी एक पद्धत आहे, ती म्हणजे ओटा. जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा विटांची बुटकी भिंत रचायची आणि वर कडाप्प्याची फरशी टाकायची. स्वस्त, मजबूत, पाण्याने धुता येणारा, पावसाळ्यात न गंजणारा आणि न फुगणारा. ओट्याची मी बाजूच घेईन. पण त्यात एक खोट राहून जाते. भिंत फरशीच्या कडेशी अगदी सपाट आणतात, त्यामुळे बसणाऱ्याची पावले मागे जाऊच शकत नाहीत. सुरुवातीचा प्रयोग आठवा! आपण तिथे हौसेने स्वतःवर घातलेली अट हा ओटा प्रत्येक म्हाताऱ्या माणसावर घालतो. उपाय फुकटातला आहे. भिंत दहा-बारा सेंटिमीटर आत रचावी आणि फरशी तेवढी पुढे राहू द्यावी. टाचा आत जातात, गुरुत्वमध्य सहज पावलांवर येतो. लाकडी खुर्ची चुकली तर बदलता येते. ओटा मात्र चुकला तर पुढची तीस वर्षे तसाच राहतो.

दवाखान्यांतून दिसणारे बाक अनेकदा कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेले असतात. पाठीवर नाव रंगवलेले असते. दान उत्तमच. पण त्या बाकांना बहुधा हात नसतात. हात केले की चार जणांच्या जागी तिघे मावतात, अशी तक्रार होते. तक्रार अगदीच खोटी नाही. गर्दीच्या दिवशी उभे राहण्यापेक्षा दाटीवाटीने बसलेले बरे, आणि ताप भरलेले पोर आडवे करायला सलग बाकच लागतो. म्हणून सगळ्यांना हात नकोत; पण दोन्ही टोकांना तरी द्यावेत. टोकाची जागा म्हाताऱ्यांची, हे मग सांगावे लागत नाही.

उलट, गुबगुबीत सोफा मला दवाखान्यात नको वाटतो. तो बसायला सुखाचा, पण माणूस त्यात खाली जातो, गुडघे कमरेहून वर येतात आणि उठताना दोन माणसांनी ओढावे लागते. शिवाय कापडी गादीत घाम, ओकारी, रक्त, सारे मुरते. आणि निर्जंतुक करणाऱ्या द्रावणांनी पुसून पुसून रेक्झीनला तडे जातात, मग त्या तड्यांत मळ साठतो. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्चीला हात असतात, ही तिची जमेची बाजू. पण एकाच हातावर भार टाकला की ती कलते, आणि ओल्या फरशीवर सरकते. भोके पाडलेली पोलादी बैठक धुवायला सोपी, पण तापाने कुडकुडणाऱ्याला ती गार लागते. (आईच्या मांडीवर बसलेल्या पोराला विचारा.)

आता वाट पाहणाऱ्यांच्या बाकावरून तपासणीच्या खोलीत जाऊ. तिथे बसणे हा नुसता आरामाचा प्रश्न नसतो, उपचाराचाही असतो. याचे एक ठळक उदाहरण महाड तालुक्यातच घडले आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. लाल विंचू चावून दगावणारी माणसे, विशेषतः मुले, त्यांनी तिथे पाहिली. या विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साठते. रुग्णाला धाप लागते, तोंडातून फेस येतो. बावस्करांनी रुग्णांच्या शेजारी बसून ही लक्षणे टिपली. त्यांची निरीक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचा लेख त्याच नियतकालिकात 1986 साली आला. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण त्यानंतर अगदी थोड्यावर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. फुप्फुसात पाणी साठलेल्या रुग्णाला आडवे पडवत नाही. त्याला बसवले आणि पाय खाली सोडले, की पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त थोडे कमी होते, फुप्फुसावरचा ताण उतरतो आणि श्वास जरा मोकळा होतो. अशा माणसाला दोन्ही हात टेकायला काही मिळाले तर खांदे स्थिर होतात आणि खांद्याचे स्नायू फासळ्या वर ओढायला मदत करतात. दमेकरी माणूस गुडघ्यांवर कोपरे टेकून पुढे झुकून का बसतो, ते आता तुमच्या लक्षात येईल. खुर्चीचे हात इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडले! पण गंमत पुढेच आहे. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. औषध पोटात गेल्यावर रुग्णाला एकदम उभे केले किंवा आईने पोराला उचलून घेतले, तर रक्तदाब झपकन उतरू शकतो; म्हणून मग त्याला निजवूनच ठेवायचे असते. एकाच आजारात आधी बसणे हिताचे, नंतर निजणे. कधी काय, हे डॉक्टर ठरवतील. विंचू चावला की घरी न थांबता दवाखाना गाठायचा, एवढे आपण करायचे. पण त्या खोलीत पाठीचा भाग हवा तसा वर-खाली करता येणारी खाट आणि हात असलेली भक्कम खुर्ची, दोन्ही हव्यात.

रुग्णासाठी मुद्दाम आखलेली जगातली सर्वांत प्रसिद्ध खुर्ची फिनलंडमध्ये आहे. अल्वार आल्टो या वास्तुशिल्पकाने पाइमिओ गावच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी 1930 च्या सुमारास ती तयार केली. तेव्हा पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची चलती होती. आल्टोने भूर्ज वृक्षाचे लाकूड वाकवून वापरले, कारण ते अंगाला गार लागत नाही. पाठ अशी कललेली, की रुग्णाला श्वास घ्यायला सोपे जावे. खुर्ची देखणी आहेच. पण ती ठेंगणी आणि मागे झुकलेली आहे. आपल्या तुडीलच्या आजीला तिच्यातून उठता यायचे नाही. यात आल्टोचा दोष नाही. क्षयाचे औषध तेव्हा नव्हते, रुग्ण महिनोन्महिने उन्हात आणि हवेत पडून राहत. दर वीस मिनिटांनी त्यांचे नाव कोणी पुकारत नव्हते. त्यांच्यासाठी ती योग्य. पाइमिओच्या खुर्चीचा फोटो पाहून कोणी महाडला तशीच मागवली, तर मात्र पंचाईत.

क्षयाचा विषय निघालाच आहे तर बाक कुठे ठेवावा हेही सांगतो. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. पेरू देशातील लिमा शहरच्या रुग्णालयांत 2007 साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी झाली. दारे-खिडक्या सताड उघडल्यावर खोलीतली हवा तासाला 28 वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांसाठी ठरवलेले प्रमाण 12 होते. उंच छताच्या जुन्या इमारती तर नव्या इमारतींच्या पुढे होत्या. आपल्याकडची पडवी म्हणजे दोन-तीन बाजूंनी उघडी खोलीच. तेव्हा वाट पाहण्याचे बाक आतल्या बोळातून काढून पडवीत मांडावेत. मात्र छपराचे पाखे पुरेसे पुढे हवेत, नाही तर जुलैच्या सरीत अर्धे बाक रिकामे आणि आत दुप्पट गर्दी, असे व्हायचे.

आणि ज्यांना जमिनीवरच बरे वाटते त्यांचे काय? मांडी घालून बसण्याची सवय असलेल्या पुष्कळ बायका तान्ह्या मुलाला घेऊन भिंतीशी खालीच बसतात. त्यांना उठवून खुर्चीवर बसवण्याचा आग्रह मला अनाठायी वाटतो. त्यांच्यासाठी स्वच्छ चटई आणि भिंतीला उठताना धरायला एक आडवी दांडी पुरे आहे. एक मोकळी जागाही राखून ठेवावी. चाकाच्या खुर्चीतून आलेला माणूस आपली बैठक बरोबर घेऊन येतो, त्याला वाटेत उभे करू नये.

शिक्षकांना एक विनंती आहे. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम करून घ्या. प्रत्येकाने घरातल्या साठीपुढच्या दोन माणसांची, चपला घालून, गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंतची उंची टेपने मोजावी. मग 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि हातांची घडी घालून 30 सेकंदांत ती व्यक्ती किती वेळा पुरती उठून पुन्हा बसते ते मोजावे. पायांची ताकद पाहण्यासाठी डॉक्टर हीच चाचणी घेतात. शेजारी कोणी तरी उभे राहावे, आणि ज्यांना एकदाही उठता येत नाही त्यांना जोर करायला लावू नये. त्यांच्या नावापुढे शून्य लिहावे. सर्वांत जास्त उपयोगाचा आकडा तोच आहे. वर्गाच्या वहीत तीस-चाळीस माणसांची मापे झाली की ती घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि तिथल्या बाकांची उंचीही त्याच टेपने मोजा.