तिन्हीसांजेचीं पंधरा मिनिटें

गेल्या पावसाळ्यांत सातव्या इयत्तेंतील एका मुलानें मला विचारलें, "सर, आपल्या पटांगणांतील शिरीषाचीं पानें संध्याकाळीं कां मिटतात?" पानांच्या देठाशीं असलेल्या पेशींतील पाणी कमीजास्त होतें म्हणून, असें उत्तर मीं दिलें खरें, पण मनांतून वरमलों. त्या झाडाखालून मी एकोणीस वर्षें जात आलों आहें. पानें मिटतांना मात्र एकदांही पाहिलीं नव्हतीं. पुस्तकांतील माहिती मजपाशीं होती. डोळे त्या मुलापाशीं होते.

म्हणून विद्यार्थ्यांस व पालकांस माझी एक नम्र सूचना आहे. रोज सूर्यास्ताच्या सुमारास १५ मिनिटें अंगणांत, गच्चीवर अथवा खिडकीपाशीं, एका ठरलेल्या जागीं स्वस्थ बसावें. पुस्तक नको, मोबाइल नको, बोलणेंही नको, केवळ पाहावें. गुलबक्षीच्या कळ्या उमललेल्या असतात. साळुंक्या कलकलाट करीत एकाच झाडावर गोळा होतात. त्या निवतात न निवतात तोंच वटवाघळें बाहेर पडतात. आकाश निरभ्र असेल तर सूर्य बुडाल्यावर पूर्वेकडे क्षितिजालगत एक निळसर पट्टा वर चढूं लागतो. ती आपल्या पृथ्वीचीच सावली होय! ती आपणांपैकीं किती जणांनीं पाहिली आहे? उठण्यापूर्वीं दिसलेली एक गोष्ट तारखेसह वहींत लिहावी, म्हणजे झालें.

"अभ्यासाचा वेळ वाया जाईल," असें कोणी म्हणेल. शिकवणीहून दमून येणाऱ्या मुलाच्या आईबापांची ही काळजी मी जाणतों. परंतु अभ्यासास सर्वांत अधिक लागतें तें अवधान, आणि तें घाईनें येत नाहीं. डॉ. सालिम अली १९३० सालीं नोकरी नसतांना अलिबागेजवळील किहीम येथें राहिले व सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांकडे पाहत बसले. नर घरटें अर्धें विणतो, मादी तें पाहून पसंत करते, मग तो तें पुरें करून दुसऱ्या मादीसाठीं नवें आरंभितो, हें त्यांस त्या बसण्यानेंच उमगलें. जगाच्या हिशेबीं मात्र तो रिकामा वेळ होता.

पालकहो, मुलांस नुसतें बसवूं नका, त्यांच्याशेजारीं बसा. मुलें उपदेशापेक्षां उदाहरणानें शिकतात. मी स्वतः हल्लीं शाळा सुटल्यावर शिरीषाखालीं थांबतों. पहिला आठवडाभर मन सारखें घड्याळाकडे धांवे. आतां तें पानांबरोबर निवतें. आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा बहुधा माझ्याआधींच तेथें येऊन बसलेला असतो.