निष्ठा राजाशी, हानी राष्ट्राची

साम्राज्य गमावणारा राज्यकर्ता मूर्ख किंवा भ्रष्टच असला पाहिजे, असा एक सर्वसाधारण समज असतो. १७७० ते १७८२ या काळात ब्रिटनचे पंतप्रधानपद सांभाळणाऱ्या लॉर्ड नॉर्थची कारकीर्द हा समज खोटा ठरविते.

अर्थव्यवहाराची उत्तम जाण आणि विरोधकांनाही हसविणारी विनोदबुद्धी हे नॉर्थचे गुण. सत्तेवर येताच त्याने अमेरिकी वसाहतींवरील बहुतेक जकाती उठविल्या. मात्र कर लादण्याचा संसदेचा हक्क शाबूत राहावा म्हणून चहावरील जकात तेवढी ठेवली. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचे दिवाळे वाजण्याची वेळ आली. तिला १४ लाख पौंडांचे कर्ज देण्यात आले आणि तिचा चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली. परिणामी त्याच वर्षी १६ डिसेंबरला बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. दडपशाहीचे कायदे आले आणि त्यांच्यामागोमाग युद्धही आले.

त्याच वर्षीच्या नियामक कायद्याने मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या देखरेखीखाली आणले. त्यामुळेच १७७५ चा राघोबादादांशी झालेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला व पुढील वर्षी पुरंदरचा तह झाला. तरीही मुंबईकरांनी पुन्हा राघोबादादांचीच पाठराखण केली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांपुढे नामुष्की पत्करली.

१७७७ च्या साराटोगा येथील शरणागतीनंतर हे युद्ध जिंकता येणार नाही, हे नॉर्थला उमगले होते. पदातून मुक्त करण्याची विनंती त्याने तिसऱ्या जॉर्जला वारंवार केली. परंतु त्याच वर्षी राजाने त्याचे खासगी कर्ज फेडले होते. उपकाराच्या ओझ्याखाली तो पदावर राहिला आणि स्वतःला न पटणारे युद्ध आणखी चार वर्षे चालवीत राहिला. यॉर्कटाउनच्या पराभवानंतर संसदेतील बहुमत ओसरले, तेव्हा कुठे मार्च १७८२ मध्ये त्याने राजीनामा दिला.

त्या काळी मंत्री हा राजाचा सेवकच असे, असा त्याचा बचाव केला जातो. तो पुरेसा नाही. त्याच मंत्रिमंडळातील माजी पंतप्रधान ग्रॅफ्टन अमेरिकाविषयक धोरण न पटल्याने १७७५ मध्येच बाहेर पडला होता. मार्ग खुला होता; धैर्य नव्हते. नॉर्थ तर स्वतःला पंतप्रधान म्हणवून घेण्यासही राजी नसे. पदाचे नाव नको म्हणणाऱ्याला पदाची जबाबदारी मात्र टाळता येत नाही.

दैवदुर्विलास असा की, १७८३ मध्ये आपला कडवा टीकाकार फॉक्स याच्याशी हातमिळवणी करून तो पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा ज्या राजासाठी त्याने हे सारे केले, त्यानेच त्याला डिसेंबरात घालविले.

निष्ठा हा थोर गुण आहे. पण ती व्यक्तीला वाहिली की विवेक गहाण पडतो. न पटणाऱ्या गोष्टीला वेळीच नकार देणे, हीदेखील राष्ट्राची सेवाच असते.