एक खिळा ठोकू द्या!

आपल्या हॉस्टेलची रूम पाहिली की एस.टी. स्टँड आठवतो. राहायचं चार वर्षं, पण थाट असा की आत्ता गाडी लागेल आणि आपण उठू! कॉटखाली बॅगा, दोरीवर कपडे, टेबलावर जर्नल्स आणि मॅगीचा टोप. घरून आई-बाबा आले की आपण त्यांना परस्पर मेसमध्येच नेतो. याला जबाबदार कोण? थोडे आपण, पण मोठा वाटा त्या नियमाचा : भिंतीला खिळा, टेप, काहीही लावाल तर दंड.

रूम सजवायची म्हटलं की हजारो रुपये लागतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. साफ खोटं. एकदा मंडईत जाऊन या. मेट्रोचं मंडई स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालंय, तेव्हा लांब पडतं हा बहाणा नको. भाजी आणायला नाही, मांडणी बघायला जा. हिरव्या मिरचीशेजारी लाल टोमॅटो, त्यालगत पांढरा मुळा, माल उतरता रचलेला आणि वर दिवा. जागा म्हणाल तर आपल्या कॉटएवढी, तरी एक वस्तू नजरेआड नाही! आपल्याकडे नेमकं उलटं. सगळं जमिनीवर आणि भिंती रिकाम्या.

सामानही तिथलंच. आंब्याच्या सीझनला रिकामी लाकडी पेटी विचारा (हल्ली पुठ्ठ्याच्याच जास्त, म्हणून विचारावं लागतं). वर आलेले खिळे ठोकून घ्या, पॉलिश पेपर मारा, दोन पेट्या एकावर एक ठेवा. झालं पुस्तकांचं कपाट. मळक्या कपड्यांना बुरुडाकडची टोपली. पडद्याचं कापड शेजारी तुळशीबागेत. पहिला सांगितलेला भाव द्यायचा नसतो, हे काय सांगायला हवं? काचेच्या बाटलीत मनीप्लांटची फांदी लावा, पण पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूचे डास पाळाल. आणि मुख्य म्हणजे उजेड. डोक्यावर ६५०० केल्विनची पांढरीफटक ट्यूब असली की रूमचा ड्रॉइंग हॉल होतो. रात्री गप्पांना २७०० केल्विनचा पिवळा एलईडी लावून बघा. एकच बदल करणार असाल तर हाच करा.

स्टाफपैकी कोणी म्हणेल, लॅबला पैसे पुरत नाहीत आणि यांना सजावट सुचतेय! हा मुद्दा जुना आहे, आणि मंडईचाच आहे. १८८६ मध्ये 'रे मार्केट' नावाने ती इमारत सुरू झाली. ती बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत त्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं! मला फुल्यांचं पटतं. आधी लायब्ररी, मग बाकीचं. पण आम्ही पैसे मागतोय कुठे? परवानगी मागतोय.

प्रत्येक रूमच्या एका भिंतीवर आडवी लाकडी पट्टी कॉलेजने एकदाच ठोकून द्यावी. फर्स्ट इयरला कार्पेंट्रीच्या जॉबसाठी आपण जे लाकूड घासतो, त्यातली उरलेली चालेल. पोस्टर, कॅलेंडर, घरचा फोटो, जे लावायचं ते त्या पट्टीवर, म्हणजे प्लास्टरही वाचेल. रेक्टर सरांना अर्ज लिहून तयार आहे, सह्यांचा कागद मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी अडकवलाय. चिकटवलेला नाही, सुतळीने बांधलाय!